गुडघा सरळ झाला, पाऊल जुन्याच वळणावर: सांधेबदलानंतर पावलावरचा भार आणि तोल कसा सुधारावा

गुडघा बदलून दीड-दोन महिने झालेल्यांच्या घरी मी फिजिओथेरपीला जाते, तेव्हा एक गाऱ्हाणं हमखास कानावर येतं. "पाय तं सरळ झाला मॅडम, पण मी अजून तशीच डुलत चालून राहिली. असं काऊन?" लगेच एक्स-रे दाखवतात. तो छान असतो. मग मी दाराबाहेर जाऊन चपला उलट्या करून बघते. टाचेची बाहेरची कड झिजून तिरपी झालेली. ऑपरेशनच्या आधीच्याच चपला.

पायाची रेष सर्जन तास-दीड तासात सरळ करतात. पाऊल, घोटा, कंबर आणि मेंदू मात्र दहा-पंधरा वर्षं वाकड्या पायाशी जुळवून घेत आलेले असतात. त्यांना नवीन रेष शिकवावी लागते आणि ती ठरावीक क्रमानेच शिकवावी लागते. बहुतेक लोक हा क्रम चुकवतात. सरळीकरण राहून जातं आणि आधी चालणं सुरू होतं, तोल यायच्या आधीच काठी सुटते, आणि तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी महागडा इनसोल (चपला-बुटाच्या आत तळव्याखाली घालायची गादी) आणून देतं.

तुमच्या सर्जनने भार टाकण्याबद्दल किंवा गुडघा वाकवण्याबद्दल वेगळी सूचना दिली असेल, तर तीच पाळा. खालचा क्रम नेहमीच्या, गुंतागुंत नसलेल्या पूर्ण गुडघेबदलासाठी आहे.

आधी हे समजून घ्या: गुडघ्याचा कल पावलापर्यंत कसा पोहोचतो

खुब्याच्या गोलाच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेष ओढा. सरळ पायात ती गुडघ्याच्या जवळपास मधून जाते. झिजलेल्या गुडघ्यात पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला, की ही रेष गुडघ्याच्या आतल्या बाजूला सरकते आणि आतली बाजू आणखी झिजते.

अशा पायात नडगी वरच्या टोकाला बाहेर झुकलेली असते. पाऊल तिला काटकोनात धरून राहिलं, तर आतली कड जमिनीवरून उचलली जाईल आणि सगळा भार बाहेरच्या कडेवर येईल. म्हणून घोट्याखालचा सांधा आत कलंडतो आणि आतली कड खाली टेकवतो. ज्यांचं पाऊल लवचीक आहे त्यांना हे जमतं, फक्त कमान थोडी बसते. ज्यांचं ताठर आहे ते बाहेरच्या कडेवरच चालत राहतात आणि करंगळीच्या बाजूला घट्टे पडतात.

ऑपरेशननंतर नडगी उभी होते, पण टाच अजून आत कलंडलेलीच असते. त्यामुळे भार एकदम अंगठ्याच्या बाजूला सरकतो आणि पहिले काही आठवडे कमानीत, घोट्याच्या आत किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. लवचीक पाऊल काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप सावरतं. कलंडलेल्या अवस्थेत ताठ झालेलं पाऊल सावरत नाही, त्याला मदत लागते. आधीचा वाक जितका मोठा, तितका पावलाला बसणारा धक्का मोठा. वीस अंश वाकलेला पाय सरळ झालेल्या आजींना घोटा दुखू लागला, तर त्यात नवल नाही.

गुडघे एकमेकांवर घासतील असे आत वळलेले पाय असतील, तर हीच गोष्ट उलट्या दिशेने घडते.

## टप्पा 1: ऑपरेशनच्या तीन-चार आठवडे आधी

ही तयारी जवळजवळ कोणीच करत नाही. नंतर तुलना करायला हाताशी काही उरत नाही, ते यामुळेच.

नोंद ठेवा. घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर तीन व्हिडिओ काढायला सांगा: अनवाणी चालताना समोरून, मागून आणि बाजूने. पँट किंवा साडी गुडघ्याच्या वर हवी. मागून काढताना कॅमेरा टाचांच्या उंचीवर, म्हणजे जवळजवळ जमिनीवर धरा, नाहीतर टाचेचा कल दिसत नाही. रोजच्या चपलांच्या तळांचा फोटो काढून ठेवा.

पूर्ण पायाचा उभा एक्स-रे. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, दोन्ही पायांवर उभं राहून काढलेला. फक्त गुडघ्याच्या फोटोवरून पूर्ण रेष कळत नाही. सर्जनना तीन प्रश्न विचारा. वाक किती अंशांचा आहे? तो पूर्ण सरळ करणार, की मूळ घडणीप्रमाणे थोडा ठेवणार? पावलाचा आणि घोट्याचा विचार करावा लागेल का? यातल्या दुसऱ्या प्रश्नावर लोक दचकतात. पण कित्येकांचे पाय तरुणपणापासूनच दोन-तीन अंश बाहेर वाकलेले असतात. पूर्वापार पद्धतीत सरळ रेषेच्या अलीकडे-पलीकडे तीन अंशांपर्यंतचा फरक चांगला धरतात, आणि काही सर्जन मुद्दाम मूळ घडणीच्या जवळ ठेवतात. थोडा वाक राहिला म्हणजे ऑपरेशन फसलं असं नव्हे.

पाऊल तपासा. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, भेगा, नखाचा संसर्ग, जखम यांचा इलाज आधी झाला पाहिजे. तिथला जंतूसंसर्ग नवीन सांध्यासाठी धोक्याचा असतो आणि त्यापायी ऑपरेशनची तारीखही पुढे जाऊ शकते. मधुमेह असेल तर तळपायाची जाणीव डॉक्टरांकडून तपासून घ्या. जाणीव कमी झालेली असेल, तर तोलाचा पुढचा प्रत्येक टप्पा सावकाश घ्यावा लागतो.

चपला. नवीन जोड ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा. संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पावलाला दिवसभराची सूज असते. मागे पट्टा हवा, वर वेल्क्रो हवा, टाच रुंद आणि सपाट, तळ न वळणारा. नागपूरच्या बर्डी बाजारात, दुकानात बसूनच चप्पल मधोमध दोन्ही हातांनी पिळून बघा. ओल्या फडक्यासारखी पिळली गेली तर ती नको.

> सावधान: जुन्या चपला "घरात घालायला" म्हणून ठेवू नका. बाहेरून झिजलेला तळ सरळ झालेल्या पायाला रोज हजारदा पुन्हा बाहेर ढकलतो. कामवाल्या बाईंनाही देऊ नका, त्यांचेही गुडघे आहेत.

घर. सतरंज्या, पायपुसणी आणि सुटं वायर उचला. नागपुरात उन्हाळ्याच्या दिवसांत ऑपरेशन असेल तर कूलरकडे खास बघा. टपकणारं पाणी आणि खोलीतून आडवा गेलेला पाइप यांनी माझ्या पेशंटना जितकं घसरवलंय, तितकं बाथरूमनेही नाही.

## टप्पा 2: पहिले दोन आठवडे, आधी पूर्ण सरळ

गुडघा किती वाकला हे सगळे विचारतात. किती सरळ झाला हे कोणी विचारत नाही. आणि पावलाच्या दृष्टीने महत्त्वाचं तर तेच.

गुडघा दहा अंश जरी वाकलेला राहिला, तरी तो पाय आखूड वागतो. टाच आधी टेकत नाही, चवडा टेकतो. मग भार सगळा पुढच्या पंजावर, पोटरी कायम आखडलेली, आणि कंबर एका बाजूला झुकलेली. असा पेशंट "नवीन गुडघा जड वाटतो" म्हणतो.

1. पाठीवर झोपा. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नाही. गुडघा आपल्या वजनाने खाली जाऊ द्या. पाच मिनिटांपासून सुरुवात करून वाढवत न्या, दिवसातून चार-पाच वेळा.
2. मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबा. पाच मोजा, सोडा. दहा वेळा.
3. घोटा वर-खाली, जागेपणी दर तासाला. पोटरीतला रक्तप्रवाह यामुळे चालू राहतो.
4. पाऊल छताकडे राहील असं बघा. झोपेत ते बाहेर पडतं आणि तीच सवय चालीत येते.

> सावधान: गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं, म्हणून सासूबाईंना प्रेमाने उशी देणारी सून प्रत्येक घरात सापडते. ती उशी काढून घ्या. पाय उंच ठेवायचाच असेल, तर पोटरी आणि टाच दोन्ही वर येतील असा ठेवा.

तपासा: पाय लांब करून गुडघ्याखाली तळहात सरकवून बघा. दोन आठवड्यांनी तो सहज आरपार जात असेल, तर पुढच्या भेटीची वाट न बघता फिजिओला सांगा.

पाऊल वर उचलता येत नसेल, चालताना चवडा फटकन आपटत असेल, तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या नसेला ताण बसल्याची ती खूण असू शकते. खूप आत वळलेला पाय सरळ केल्यावर याचा धोका जास्त असतो. ऑपरेशनच्या चिऱ्याच्या बाहेरच्या बाजूला हातभर नव्हे, पण दोन-चार बोटं जागा बधिर वाटणं मात्र नेहमीचं आहे.

## टप्पा 3: दोन ते सहा आठवडे, भार निम्मा-निम्मा

चालायला शिकण्याआधी उभं राहायला शिकायचं. ऑपरेशनच्या आधी दुखरा पाय वाचवायची जी सवय लागलेली असते, ती दुखणं गेलं तरी जात नाही.

दोन वजनकाटे मिळवा. काट्याचे जुने डायलवाले असतील तर उत्तम. इलेक्ट्रॉनिक काटा एकदा आकडा धरून बसला की हलत नाही आणि फसवतो. एक शेजाऱ्यांकडून आणा, पण आधी एकाच माणसाला दोन्हींवर उभं करून ते सारखं वजन दाखवतात का ते बघा.

1. स्वयंपाकाच्या ओट्यासमोर दोन्ही काटे शेजारी-शेजारी ठेवा. मागे खुर्ची, बाजूला माणूस.
2. एकेक पाऊल एकेका काट्यावर. पावलं कंबरेइतक्या अंतरावर, बोटं किंचित बाहेर.
3. समोर बघा. आकडा दुसऱ्याने वाचायचा. तुम्ही मान खाली घातली की भार पुढे सरकतो आणि मोजमाप बिघडतं.
4. हात ओट्यावर नुसते टेकलेले, दाबलेले नकोत.

वजन 70 किलो असेल तर सुरुवातीला 27 आणि 43 असा आकडा दिसला तरी घाबरू नका. आता कंबर हळूच ऑपरेशनच्या पायाकडे न्या, 35 पर्यंत, दहा मोजा, परत या. आठ-दहा वेळा. सहाव्या आठवड्यापर्यंत दोन पायांतला फरक सहा-सात किलोंच्या आत यावा, हा माझा ठोकताळा. दोन्ही काट्यांवर बेरीज 70 भरत नसेल, तर उरलेलं वजन ओट्याने उचललंय.

मग खालच्या पावलाकडे लक्ष द्या. तळपायाचं तीन पायांच्या तिवईसारखं चित्र डोळ्यांपुढे आणा: टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. तिन्ही टेकलेत का? बोटं जमिनीला नखांसारखी रुतवू नका. अंगठ्याचं मूळ खाली ठेवून कमान किंचित उचलायचा प्रयत्न करा. आत कलंडलेल्या टाचेला सावरणारे स्नायू यानेच जागे होतात.

तपासा: जखम पूर्ण भरल्यावर, खुर्चीत बसून ओल्या टॉवेलवर तळपाय टेकवा, पुसट ओला राहू द्या, मग वॉकर धरून वर्तमानपत्रावर उभे राहा. दोन्ही ठशांचे फोटो काढा. एका ठशात मधला भाग पूर्ण भरलेला आणि दुसऱ्यात बारीक पट्टी, असा फरक दिसला तर तारीख घालून ठेवून द्या. महिन्याने पुन्हा. मे महिन्यात मात्र फोटो लगेच काढा, 45 अंशांत ठसा तुमच्यासाठी थांबत नाही.

## टप्पा 4: टाच, तळवा, अंगठा

चाल सुधारण्याचा मोह दुसऱ्या आठवड्यातच होतो. पण भार निम्मा-निम्मा यायच्या आत वॉकर सोडलात तर लंगडणंच पक्कं होतं.

वॉकर आधी, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. वॉकरची किंवा काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेत यावी.

काठी चांगल्या बाजूच्या हातात. उजवा गुडघा बदलला असेल तर काठी डाव्या हातात, आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे पडते. दहातले सात जण ती चुकीच्या हातात धरतात, आणि घरच्यांनीच ती तशी दिलेली असते. चुकीच्या हातातली काठी धड उलट्या बाजूला झुकवते आणि डुलणं वाढवते.

पाऊल टाकताना:

1. गुडघा सरळ ठेवून टाच टेकवा.
2. भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवरून पुढे आणा. घाई नको. याच क्षणी गुडघा वाकून निसटल्यासारखा वाटतो, कारण मांडीचा स्नायू अजून कमकुवत असतो.
3. अंगठ्याने ढकला. शेवटचा दाब अंगठ्याच्या मुळाशी जाणवायला हवा. करंगळीकडून सुटत असेल तर जुनी चाल चालू आहे.
4. पाय पुढे नेताना गुडघा वाकवा. सपाट जागी चालताना तो साठ-सत्तर अंश वाकतो. ताठ पाय बाजूने फिरवून आणणं हीच ती "डुलती" चाल.

बोटांची दिशा किंचित बाहेर असणं ठीक. ऑपरेशनच्या आधी दुखणं टाळायला पाऊल बरंच बाहेर वळवून चालणारे खूप असतात. फरशीच्या सांध्याची रेष धरून चाला, दुसरं बोट तिच्याशी जवळजवळ समांतर राहील असं बघा. मात्र प्रयत्न करूनही पाऊल एकाच दिशेला वळत असेल आणि गुडघ्याच्या वाटीच्या पुढे दुखत असेल, तर जबरदस्ती करू नका. बसवलेल्या सांध्याची फिरकी, म्हणजे तो आत-बाहेर किती वळून बसलाय, ती सर्जनने बघावी लागते.

जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा आधी खाली.

> सावधान: एका दमात जास्त चालणं म्हणजे प्रगती नव्हे. दहा मिनिटं नीट, मग बसा. थकवा आला की पाऊल आपोआप जुन्या वळणावर जातं आणि उरलेली वीस मिनिटं तुम्ही चुकीच्या चालीचा सराव करता.

## टप्पा 5: सहा आठवड्यांनंतर तोल

तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो: डोळे, आतला कान, आणि पाय-सांध्यांतून येणारी जाणीव. गुडघा बदलताना आतला निदान एक अस्थिबंध (लिगामेंट) काढला जातो, त्यामुळे तिसरी बाजू काही काळ लंगडी पडते. उजेडात नीट चालणारे काका रात्री संडासला जाताना भिंत धरतात, त्याचं कारण हे.

सगळं ओट्याशी, अनवाणी. मधुमेहात जाणीव कमी असेल तर चपला घालून.

- पावलं जुळवून उभे राहा, 30 सेकंद.
- एक पाऊल अर्धं पुढे, मग पूर्ण पुढे, टाचेला अंगठा लावून. दोन्ही बाजूंनी.
- ऑपरेशनच्या पायावर एकट्याने. तीन सेकंदांपासून दहापर्यंत.
- हे जमल्यावरच मान डावी-उजवीकडे वळवत तेच करा. डोळे मिटून करणं सगळ्यात शेवटी, आणि जवळ माणूस असतानाच.

एका पायावर उभे राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडत असेल, तर दोष पावलात कमी आणि खुब्याच्या स्नायूंत जास्त आहे. कुशीवर झोपून पाय वर उचलायचा व्यायाम वाढवा.

तपासा: खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका जास्त धरतात. काठी अजून सोडू नका. शेजारच्या काकूंनी महिन्यात सोडली असेल, तर सोडू द्या.

## टप्पा 6: घराबाहेर

आधी सपाट जागा, मग चढ-उतार, सगळ्यात शेवटी खडबडीत. आपल्याकडे लोक नेमकं उलट करतात आणि पहिल्याच दिवशी सोसायटीच्या गट्टूंवर, म्हणजे पेव्हर ब्लॉकवर, उतरतात. गट्टू खचलेले असतात, प्रत्येक पावलाला तळवा वेगळ्या कोनात पडतो. सिमेंट रस्त्याच्या कडेला उतार असतो. कडेने एकाच दिशेने चाललात तर एक पाय सतत खाली राहतो. जाताना ज्या कडेने गेलात, येतानाही त्याच कडेने या, म्हणजे दोन्ही पायांच्या वाट्याला सारखा उतार येतो. त्यातली एक खेप पाठीमागून येणाऱ्या गाड्यांची असते, म्हणून हे आतल्या गल्लीतच करा.

नागपुरात अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठी सकाळी सहाला सपाट पट्टा मिळतो. सेमिनरी हिल्सचा चढ तीन महिन्यांनंतर. उन्हात तापलेल्या फरशीवर, विशेषतः देवळाच्या आवारात, अनवाणी जाऊ नका. जाणीव कमी झालेल्या तळव्याला पोळलेलंही कळत नाही.

## टप्पा 7: तीन महिन्यांनी, मगच इनसोल आणि टाचेची उंची

"तो पाय लांब झाला" ही तक्रार नव्वद टक्के घाईची असते. खूप वाकलेला पाय सरळ झाला की तो खरोखरच काही मिलिमीटर लांबतो, आणि दुसरा अजून वाकडा असेल तर फरक जास्तच वाटतो. दुसऱ्या पायाखाली लगेच उंची लावलीत, तर कंबर त्या चुकीला चिकटून बसते. बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते. तीन महिन्यांनी सूज उतरलेली, गुडघा पूर्ण सरळ, आणि तरी फरक जाणवतो तर मोजमाप करून घ्या.

इनसोलचंही तेच. आता पहिल्या टप्प्यात काढून ठेवलेले व्हिडिओ आणि फोटो समोर घ्या, आणि नवीन चपलांचे तळ बघा:

- दोन्ही टाचा मागे-बाहेर किंचित, सारख्या झिजल्यात: ठीक.
- ऑपरेशनच्या बाजूची आतली कड झिजतेय, कमान दुखतेय: टाच अजून कलंडलेली. हाताने ती सरळ होते का हे फिजिओला बघू द्या. होत असेल तर व्यायाम आणि गरज पडल्यास कमानीचा आधार. होत नसेल तर पाऊल-घोट्याच्या डॉक्टरांचं मत.
- चवडाच झिजतोय: गुडघा पूर्ण सरळ होत नाही. टप्पा 2 वर परत.
- न बदललेल्या बाजूची चप्पल जास्त झिजतेय: भार अजून तिकडेच. वजनकाटे पुन्हा काढा.

बाहेरच्या कडेखाली पाचर असलेले इनसोल वाकलेल्या, न बदललेल्या गुडघ्यासाठी मिळतात. तेच सरळ झालेल्या पायाखाली घातलेले मी दोनदा पाहिलेत. आधीच अंगठ्याकडे झुकलेल्या पावलाला ते आणखी आत ढकलतात.

यापैकी काही दिसलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठा: पोटरीत नवीन सूज आणि दुखणं, ताप, जखमेतून पाणी, अचानक भार न टाकता येणं, महिन्यांनंतर पाय पुन्हा वाकू लागल्यासारखा दिसणं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनाफोनी न करता थेट दवाखान्यात जा. डॉक्टरांकडे जाताना एक्स-रेबरोबर चपलाही पिशवीत घालून न्या.